वादळ ओसरल्यावर : पडझडीमागचे पदार्थविज्ञान

३ जून २०२० रोजी दुपारी ‘निसर्ग’ नावाचे चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आदळले. त्या वेळी वाऱ्याचा वेग ताशी सुमारे ११० ते १२० किलोमीटर होता. काही तासांतच श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड, अलिबाग या भागांतील घरांची छपरे उडाली, नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या, विजेचे खांब रांगेने कोसळले. संध्याकाळी वारा पडला, तेव्हा लोक घराबाहेर आले आणि आपली आळी त्यांना ओळखता येईना.

अशा वेळी प्रत्येकाच्या तोंडी काही प्रश्न येतात. शेजाऱ्याची कौले शाबूत राहिली आणि आमचेच पत्रे कसे गेले? शंभर वर्षांचा आंबा उन्मळला आणि त्याच्याच बाजूची माडाची झाडे उभी कशी? कुंपणाची भिंत अख्खीच्या अख्खी आडवी का झाली? खाली पडलेल्या तारेत वीज असेल का? या प्रश्नांकडे केवळ नशिबाचा खेळ म्हणून पाहण्याचे कारण नाही. शाळेत शिकलेल्या दाब, बल, परिबल आणि विभवांतर या चार-पाच कल्पना नीट वापरल्या, तर यांतील बहुतेकांची उत्तरे मिळतात. आणि ही उत्तरे केवळ कुतूहलापोटी मिळवायची नाहीत. उडालेले छप्पर पुन्हा घालताना ते पूर्वीसारखेच घातले, तर पुढच्या वादळात ते पूर्वीसारखेच उडणार आहे.

हवेलाही वजन असते

प्रथम वाऱ्याच्या जोराचा अंदाज घेऊ. हवा हलकी आहे असे आपण म्हणतो. पण एक घनमीटर हवेचे वस्तुमान सुमारे १.२ किलोग्रॅम भरते. वारा ताशी १२० किलोमीटर वेगाने वाहत असेल, तर तो सेकंदाला सुमारे ३३ मीटर अंतर कापतो. म्हणजेच भिंतीच्या प्रत्येक चौरस मीटरवर दर सेकंदाला ३३ मीटर लांबीचा हवेचा स्तंभ येऊन थडकतो. त्या स्तंभाचे वस्तुमान ३३ गुणिले १.२, म्हणजे जवळजवळ ४० किलोग्रॅम होते. दर सेकंदाला चाळीस किलोचे पोते अंगावर फेकले जात आहे अशी कल्पना करा, म्हणजे वाऱ्यात उभे राहणे कठीण का जाते हे लक्षात येईल.

वाहत्या हवेच्या या जोराला गतिज दाब म्हणतात. तो काढण्याचे सूत्र सोपे आहे. घनतेची निम्मी किंमत घेऊन तिला वेगाच्या वर्गाने गुणायचे. हवेची घनता १.२ असल्यामुळे सूत्र असे होते :

दाब (न्यूटन प्रति चौरस मीटर) = ०.६ × वेग × वेग

यात वेग मीटर प्रति सेकंद या एककात घ्यायचा. वेग ३३.३ घातला, तर दाब सुमारे ६६७ न्यूटन प्रति चौरस मीटर येतो. सुमारे ६८ किलोग्रॅमचे वजन एका चौरस मीटरवर ठेवले असता जो भार पडेल, तेवढा हा दाब आहे.

या सूत्रात वेगाचा वर्ग आहे, ही गोष्ट फार महत्त्वाची आहे. वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो आणि तिप्पट झाला की नऊपट. पावसाळ्यात ताशी ४० किलोमीटरचा वारा कोकणात नवा नाही. त्या वाऱ्यात वर्षानुवर्षे टिकलेले छप्पर पाहून घरमालक निश्चिंत असतो. पण ताशी १२० किलोमीटरच्या वाऱ्यात त्याच छपरावर नऊपट बल येते. ‘इतकी वर्षे काही झाले नाही’ हा अनुभव येथे उपयोगी पडत नाही, तो या वर्गामुळे.

छप्पर ढकलले जाते की ओढले जाते?

वाऱ्याने छप्पर उडाले असे म्हणताना आपल्या डोळ्यांपुढे चित्र असते ते वाऱ्याने समोरून धक्का दिल्याचे. प्रत्यक्षात बहुतेक छपरे वरच्या बाजूला खेचली जातात. ते कसे, हे पाहू.

वारा घराच्या भिंतीवर आदळला की त्याला सरळ जाता येत नाही. तो वर आणि दोन्ही बाजूंना वळतो. वळचणीच्या धारेशी पोचल्यावर त्याला एकदम छपराकडे वळायचे असते, पण वेगामुळे ते साधत नाही. वेगात जाणारी सायकल अरुंद वळणावर बाहेर फेकली जाते, तसाच हवेचा प्रवाह छपराच्या पृष्ठभागापासून सुटतो. प्रवाह आणि छप्पर यांच्यामध्ये भोवरे फिरू लागतात आणि तेथील दाब भोवतालच्या दाबापेक्षा कमी होतो. छपराखाली, म्हणजे घरात, हवा जवळजवळ स्थिर असते व तिचा दाब जास्त असतो. वर कमी, खाली जास्त. अर्थातच छपरावर वरच्या दिशेने बल लागते.

हे वर खेचणारे बल छपरावर सर्वत्र सारखे नसते. मधल्या भागापेक्षा कडांवर आणि विशेषतः कोपऱ्यांवर ते दुपटीच्या घरात जाऊ शकते, कारण भोवरे तेथेच सर्वांत जोरदार असतात. म्हणूनच छप्पर उडण्याची सुरुवात बहुधा कोपऱ्यातील एखाद्या पत्र्यापासून होते. तो उचलला गेला की वारा त्याच्या खाली शिरतो आणि पुढचे पत्रे एकामागून एक सुटत जातात.

आता वरचे बल आणि छपराचे वजन यांची तुलना करू. एक चौरस मीटर छपराचे वजन साधारणपणे असे असते :

लोखंडी पत्रा – सुमारे ५ किलोग्रॅम
सिमेंटचा पत्रा – सुमारे १५ किलोग्रॅम
मंगलोरी कौले – सुमारे ४० किलोग्रॅम
सिमेंट काँक्रीटचा १२ सेंटिमीटर जाडीचा स्लॅब – सुमारे ३०० किलोग्रॅम

वर खेचणारे बल ६८ किलोग्रॅम वजनाइतके धरले, तर काय दिसते? स्लॅबला ते हलवू शकत नाही. कौलांच्या वजनापेक्षा ते जास्त आहे, त्यामुळे कडेची कौले उचलली जातात. पण काही कौले निघाली की त्या फटींतून आतला दाब बाहेर पडतो आणि सांगाडा पुष्कळदा वाचतो. लोखंडी पत्र्याच्या बाबतीत मात्र बल वजनाच्या तेरा-चौदा पट आहे. पत्रा स्वतःच्या वजनावर मुळीच टिकत नाही. तो टिकतो केवळ खिळ्यांच्या, हुकांच्या आणि स्क्रूंच्या पकडीवर. कौले काढून पत्रे घालणे स्वस्त आणि सोयीचे असते, पण त्याबरोबर छपराला धरून ठेवण्याची सारी जबाबदारी त्या लहानशा लोखंडी तुकड्यांवर येते, हे विसरून चालणार नाही.

हिशेबच करू. तीन मीटर लांब व एक मीटर रुंद असा एक पत्रा घ्या. त्यावरचे बल ३ गुणिले ६६७, म्हणजे २,००० न्यूटन. कोपऱ्यात ते दुप्पट धरले, तर ४,००० न्यूटन. असा पत्रा चारच ठिकाणी ठोकला असेल, तर प्रत्येक खिळ्याला १,००० न्यूटन, म्हणजे शंभर किलोच्या माणसाने लोंबकळावे एवढे बल सोसावे लागेल. बारा ठिकाणी पकडला असेल, तर प्रत्येकाच्या वाट्याला त्याचा तिसरा हिस्सा येईल. सरळ खिळा लाकडातून उपसून निघतो. वाशाला वळसा घालून येणारा हुक उपसून निघत नाही. जुन्या, कुजट रिपेत ठोकलेला खिळा तर नावापुरताच असतो.

पण पत्रा रिपेला घट्ट बसवून भागत नाही. रीप वाशाला, वासा भिंतीवरच्या तुळईला आणि तुळई भिंतीला तितकीच घट्ट बांधलेली हवी. ही एक साखळी आहे, आणि साखळी तुटते ती तिच्या सर्वांत दुबळ्या कडीपाशी. वादळानंतर रिपांसकट किंवा वाशांसकट अख्खे छप्पर शेजारच्या वाडीत जाऊन पडलेले दिसते. तेथे पत्र्याची पकड चांगली होती, पण छप्पर भिंतीवर नुसते टेकवलेले होते, असा त्याचा अर्थ. उडालेल्या छपराचे तुकडे गोळा करताना कोठली कडी तुटली हे जरूर पाहावे. दुरुस्ती तेथूनच सुरू करायला हवी.

छपराचा आकारही महत्त्वाचा आहे. फार सपाट उताराच्या छपरावर ओढ जास्त असते. साधारण तीस अंशांच्या उताराला ती पुष्कळ कमी होते. दोन पाख्यांच्या छपरापेक्षा चारी बाजूंना उतार असलेले चौपाखी छप्पर वाऱ्याला चांगले तोंड देते, कारण कोणत्याही दिशेने वारा आला तरी त्याच्यासमोर उभी त्रिकोणी भिंत येत नाही. उलट, बाहेर काढलेली मोठी पडवी ही दुबळी जागा असते. तिच्या खालून वारा वर ढकलतो आणि वरून ओढतो, अशी दुहेरी बले तिच्यावर लागतात.

खिडक्या उघड्या ठेवाव्यात काय?

वादळाच्या वेळी खिडक्या उघड्या ठेवाव्यात, म्हणजे आतला व बाहेरचा दाब सारखा होऊन घर वाचते, असा एक समज अनेक ठिकाणी आढळतो. तो तपासून पाहू.

चक्रीवादळाच्या केंद्रात हवेचा दाब भोवतालच्यापेक्षा कमी असतो, हे खरे. ‘निसर्ग’च्या केंद्रात तो सुमारे २० हेक्टोपास्कलने कमी होता. वीस हेक्टोपास्कल म्हणजे २,००० न्यूटन प्रति चौरस मीटर. ही संख्या वाऱ्याच्या ६६७ न्यूटन दाबापेक्षा कितीतरी मोठी आहे! मग घर आतून फुटत कसे नाही?

कारण हा दाब एका क्षणात उतरत नाही. तो काही तासांत हळूहळू उतरतो आणि तोवर कौलांच्या, दारांच्या, खिडक्यांच्या फटींतून आतली हवा बाहेर जाऊन दाब सारखा होतो. तुम्ही एस.टी.ने खोपोलीहून बोरघाट चढून खंडाळ्याला गेलात, तर बाहेरचा दाब याहून दुपटीने उतरतो. तरी गाडीच्या काचा फुटत नाहीत. तुमच्या कानांत थोडे दडे बसतात, इतकेच.

याउलट, वाऱ्याच्या समोरची खिडकी उघडी असली किंवा फुटली, तर वारा आत शिरतो आणि त्याला बाहेर पडायला वाट नसते. घर फुग्यासारखे आतून दाबले जाते. छपरावर वरून ओढ असतेच. आता खालून ढकलणेही सुरू होते. एकूण बल पावणेदोन पटीपर्यंत वाढू शकते. म्हणून खिडक्या-दारे घट्ट बंद ठेवणे आणि समोरच्या बाजूच्या काचांवर फळ्या ठोकणे हेच योग्य. वादळानंतर एका ओळीतील घरांची पाहणी केली, तर छप्पर गेलेल्या घराचा वाऱ्यासमोरचा दरवाजा किंवा खिडकी आधी मोडली होती काय, हे विचारण्यासारखे असते.

भिंत आडवी का होते?

घराची भिंत दोन्ही टोकांना आडव्या भिंतींना आणि वर छपराला जोडलेली असते. कुंपणाची भिंत मात्र एकटीच उभी असते. तिला पडण्यापासून वाचवते ते केवळ तिचे स्वतःचे वजन.

दीड मीटर उंचीची आणि अर्ध्या विटेची, म्हणजे साडेअकरा सेंटिमीटर जाडीची भिंत घ्या. तिच्या एक मीटर लांबीचे वजन सुमारे ३,२०० न्यूटन होते. भिंत पायाशी असलेल्या कडेभोवती उलटू पाहते. बल आणि त्या कडेपासूनचे अंतर यांचा गुणाकार, म्हणजेच परिबल, येथे मोजायला हवे. वजन भिंतीच्या मधून खाली लागते, म्हणून कडेपासून त्याचे अंतर जाडीच्या निम्मे, सुमारे ५.७५ सेंटिमीटर. सावरणारे परिबल ३,२०० गुणिले ०.०५७५, म्हणजे सुमारे १८५ न्यूटन-मीटर.

जमिनीलगत वाऱ्याचा वेग कमी असतो, म्हणून दाब ४०० न्यूटन प्रति चौरस मीटरच धरू. दीड चौरस मीटरवर बल होईल ६०० न्यूटन आणि ते सरासरी पाऊण मीटर उंचीवर लागते. उलटवणारे परिबल ६०० गुणिले ०.७५, म्हणजे ४५० न्यूटन-मीटर. सावरणाऱ्या परिबलाच्या जवळजवळ अडीचपट! चुन्याची किंवा सिमेंटची पकड ढिली झाली असेल, तर ती भिंत पडणारच. ठराविक अंतरावर जाड खांब बांधले, तर पायाची रुंदी वाढते आणि भिंत वाचते. आणि वारा चालू असताना आडोसा म्हणून अशा भिंतीमागे उभे राहणे किती धोक्याचे आहे, हे वेगळे सांगायला नको.

झाडे : काही मोडतात, काही उन्मळतात, काही वाकतात

झाडाच्या बाबतीतही परिबलाचाच नियम आहे. आंब्याचा किंवा वडाचा दाट पर्णसंभार म्हणजे एक मोठे शीडच. त्यावरचे बल आणि जमिनीपासूनची उंची यांचा गुणाकार मुळांना पेलावा लागतो. जमीन कोरडी असेल तर मुळे मातीला घट्ट धरून राहतात. पावसाने ती भिजली की मातीच्या कणांमधील पकड कमी होते आणि मुळांसकट झाड उन्मळते. वस्तीतील झाडांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडलेली असते. गटारासाठी, नळासाठी किंवा रस्त्यासाठी खणताना त्यांची एका बाजूची मुळे तोडलेली असतात, आणि बुंध्यापर्यंत काँक्रीट घातल्यामुळे नवी मुळे फुटलेली नसतात. असे झाड वरून हिरवेगार दिसले, तरी त्याचा पाया अर्धाच उरलेला असतो.

माडाची गोष्ट निराळी आहे. वाऱ्याचा जोर वाढला की त्याच्या झावळ्या वाऱ्याच्या दिशेने मिटतात, पाती एकमेकींना चिकटतात आणि वाऱ्यासमोरचे क्षेत्रफळ कमी होते. खोडही लवचीक असते. त्यामुळे बल वेगाच्या वर्गाइतक्या झपाट्याने वाढत नाही. तरीही प्रत्येक गोष्टीला मर्यादा असते. ‘निसर्ग’ वादळात नारळाचीही पुष्कळ झाडे गेली, आणि पोफळींची तर अपरिमित हानी झाली. पोफळ उंच व अतिशय सडपातळ असते. दाट वाडीत झाडे एकमेकींना आडोसा देतात. पण कडेची झाडे पडली की वारा आत घुसतो आणि एकीवर एक अशी ती कोसळत जातात. नव्या रोपाला फळ धरायला पाच-सात वर्षे लागतात. म्हणजे छप्पर महिन्याभरात घालता येते, पण वाडीचे उत्पन्न परत यायला शाळकरी मुलगा कॉलेजात जाईपर्यंतचा काळ जातो.

पडलेली झाडे तोडताना पदार्थविज्ञानाचा आणखी एक धडा लक्षात ठेवावा. दुसऱ्या झाडाखाली दाबून वाकलेली फांदी म्हणजे ताणलेली स्प्रिंग असते. तिच्यात स्थितिज ऊर्जा साठलेली असते. कोयत्याचा किंवा करवतीचा घाव बसताच ती ऊर्जा एकदम मोकळी होते आणि फांदी तोडणाऱ्याच्याच तोंडावर येते. तसेच, अर्धवट उन्मळलेल्या झाडाचे खोड कापले की वरचे वजन नाहीसे होते आणि मुळांचा मोठा गड्डा परत खड्ड्यात आदळतो. त्या खड्ड्यात मुलांनी कधीही उतरू नये.

पडलेले झाड म्हणजे दिशादर्शक

पडलेली झाडे उचलण्यापूर्वी वही आणि होकायंत्र घेऊन एक फेरी मारली, तर वादळाचा इतिहास वाचता येतो. उत्तर गोलार्धात चक्रीवादळातील वारे केंद्राभोवती घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरतात. डच शास्त्रज्ञ बॉइस बॅलट यांनी १८५७ साली एक सोपा नियम सांगितला : वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा, कमी दाबाचे केंद्र तुमच्या डाव्या हाताला असेल. झाड वाऱ्याच्या दिशेनेच पडते. तेव्हा पडलेल्या झाडाच्या बुंध्यापाशी शेंड्याकडे तोंड करून उभे राहिलात, की झाड पडले त्या क्षणी वादळाचे केंद्र ढोबळमानाने तुमच्या डावीकडे होते असे समजावे.

ईशान्येकडे सरकणाऱ्या वादळाच्या मार्गाच्या उजवीकडे असलेल्या गावात वारा आधी आग्नेयेकडून, मग दक्षिणेकडून आणि शेवटी पश्चिमेकडून येतो. मार्गाच्या डावीकडील गावात तो ईशान्येकडून सुरू होऊन उत्तरेकडे व वायव्येकडे वळतो. म्हणून दोन गावांतील झाडे वेगवेगळ्या दिशांना पडलेली आढळतात. शिवाय उजवीकडे वाऱ्याच्या वेगात वादळाच्या पुढे सरकण्याचा वेग मिळवला जातो आणि डावीकडे वजा होतो. वादळ ताशी २० किलोमीटर वेगाने सरकत असेल, तर दोन्ही बाजूंच्या वेगांत ताशी ४० किलोमीटरपर्यंत फरक पडू शकतो. वर्गाचा नियम आठवला, म्हणजे या फरकाचे महत्त्व कळेल.

पडझडीवरून वारा ओळखण्याच्या या कलेत जपानी शास्त्रज्ञ तेत्सुया फुजिता यांनी फार मोठे काम केले. १९४५ साली नागासाकीवर अणुबाँब पडल्यानंतर काही आठवड्यांनी त्यांनी तेथील उद्ध्वस्त परिसराची पाहणी केली होती. स्फोट जेथे झाला त्याच्या बरोबर खाली झाडे उभी होती आणि भोवतालची झाडे चाकाच्या आऱ्यांसारखी बाहेरच्या दिशेने पडलेली होती. पुढे ते अमेरिकेत गेले. १९७१ साली त्यांनी पडझडीवरून घूर्णवाताची तीव्रता ठरविण्याची श्रेणी तयार केली. १९७० च्या दशकात काही वादळांनंतर त्यांना झाडे तशीच आऱ्यांसारखी पडलेली आढळली. वरून हवेचा झोत जमिनीवर आदळून चहूकडे पसरल्याशिवाय असे होणार नाही, हे त्यांनी ओळखले. विमानांना घातक ठरणाऱ्या या उतरत्या झोतांचा शोध असा पडलेल्या झाडांवरून लागला.

खाली पडलेली तार

वादळ गेल्यावर सर्वांत मोठा धोका दिसत नाही आणि ऐकूही येत नाही. तो खाली पडलेल्या तारेत असतो.

खांब रांगेने का पडतात, हे आधी पाहू. सरळ रांगेतील खांबाला दोन्ही बाजूंच्या तारा सारख्याच जोराने ओढतात, म्हणून तो तोल सांभाळून उभा असतो. एका बाजूला तारांवर झाड कोसळले की हा तोल जातो. खांब एका बाजूला वाकतो, त्यामुळे पुढच्या खांबाचा तोल जातो, आणि असे करत पूर्ण रांग आडवी होते.

तार जमिनीवर पडली की फ्यूज उडून वीज बंद होत असेल, असे पुष्कळांना वाटते. ते धोक्याचे आहे. ११,००० व्होल्टच्या वाहिनीतील एका तारेचा जमिनीसापेक्ष दाब सुमारे ६,३५० व्होल्ट असतो. वाळूचा किंवा मुरमाचा रोध समजा ५०० ओहम असला, तर ओहमच्या नियमाप्रमाणे विद्युत्प्रवाह १३ अँपियरपेक्षाही कमी येतो. आळीत रोज वापरल्या जाणाऱ्या विजेसाठीही एवढा प्रवाह वाहत असतो. मग फ्यूजला हे वेगळे कसे कळणार? तो उडत नाही, आणि तार ठिणगीही न पाडता जिवंत राहते.

शिवाय तारेला हात लावल्याशिवाय धक्का बसत नाही, हेही खरे नाही. तारेतून जमिनीत शिरलेला प्रवाह सर्व दिशांना पसरतो आणि विभव अंतराच्या व्यस्त प्रमाणात उतरत जातो. तारेपासून एक मीटरवर ते ६०० व्होल्ट असेल, तर १.८ मीटरवर ३३३ व्होल्ट असेल. तुमचे एक पाऊल पहिल्या ठिकाणी आणि दुसरे दुसऱ्या ठिकाणी पडले, तर दोन पायांमध्ये २६७ व्होल्टचे विभवांतर येईल. घरातील विजेपेक्षाही हे जास्त आहे. गाई-म्हशींच्या पुढच्या व मागच्या पायांत दीड मीटर अंतर असते. त्यांच्यावर ३६० व्होल्ट येतील, आणि तो प्रवाह त्यांच्या हृदयाजवळून जातो. ओल्या रानात पडलेल्या तारेजवळ गुरे मरतात, ती अशी.

आता दहा मीटरवर हिशेब करा. तेथे विभव ६० व्होल्ट आणि १०.८ मीटरवर सुमारे ५५.६. दोन पायांतील फरक फक्त साडेचार व्होल्टच्या आत. म्हणून पडलेल्या तारेपासून निदान दहा मीटर दूर राहावे हा नियम. चुकून जवळ गेल्याचे लक्षात आले, तर धावत सुटू नये. धावताना पावलांतील अंतर वाढते आणि त्याबरोबर विभवांतरही. पाय एकमेकांना चिकटवून, जमिनीवरून घासत, लहान लहान सरकत मागे यावे. तार बांबूने बाजूला करण्याचे धाडस करू नये. ओला बांबू विद्युत्वाहक असतो. वीज कंपनीला कळवावे आणि तोवर कोणाला तरी राखणीला ठेवून येणाऱ्या-जाणाऱ्यांना लांबूनच थांबवावे.

आणखी एक धोका माणूस स्वतःच निर्माण करतो. वीज गेल्यावर काहीजण जनरेटर भाड्याने आणतात आणि त्याची वायर सरळ घरातील प्लगमध्ये खुपसतात. गावातले रोहित्र, म्हणजे आपण ज्याला डी.पी. म्हणतो, ते ११,००० व्होल्टचे ४३३ व्होल्ट करते. पण रोहित्र दोन्ही दिशांनी काम करते! जनरेटरची वीज मुख्य स्विच बंद न करता बाहेर गेली, तर रोहित्र तिचा दाब पंचवीस पटींनी वाढवून वाहिनीत सोडते. दूर कोठेतरी ‘लाइन बंद आहे’ या भरवशावर खांबावर चढलेला वायरमन त्या तारेला हात लावतो. आपल्या घरातील पंखा त्याच्या जिवावर बेतू शकतो. जनरेटर जोडायचा तर चेंजओव्हर स्विच बसवूनच, आणि तो जाणकाराकडून.

वीज यायला इतके दिवस का लागतात, याचेही उत्तर जाळ्याच्या रचनेत आहे. आधी मोठ्या वाहिन्या, मग उपकेंद्र, मग ११,००० व्होल्टच्या वाहिन्या, मग डी.पी. आणि शेवटी घराकडे जाणारी तार, असा क्रम असतो. वरची कडी जोडल्याशिवाय खालची जोडून उपयोग नाही. विजेवर पाण्याचा पंप चालतो आणि मोबाइलचा मनोराही. त्याच्या बॅटऱ्या काही तासांत उतरतात. म्हणून वीज गेली की पाणी आणि निरोप दोन्ही बंद पडतात. ज्या आळीत एखादी रहाटाची विहीर वापरात ठेवलेली असते, तिचे मोल अशा वेळी कळते.

करून पाहा

पुठ्ठ्याचे एक खोके घ्या. वरचे झाकण काढून तेथे कागदाचे दुपाखी छप्पर ठेवा. खोके टेबलफॅनसमोर ठेवून पंखा हळू, मध्यम व जलद चालवा. छप्पर कोणत्या वेगाला उडते याची नोंद करा. नंतर पंख्यासमोरच्या बाजूस एक खिडकी कापा आणि पुन्हा पाहा. मग तीच खिडकी बंद करून मागच्या बाजूस कापा. शेवटी छपराच्या मध्यावर दोन नाणी चिकटवून, आणि नंतर तीच नाणी कोपऱ्यांत चिकटवून तुलना करा. वर सांगितलेली बहुतेक विधाने तुम्हाला या खोक्यावर तपासता येतील. शिक्षकांना हा प्रयोग एका तासिकेत करून घेता येईल.

दुसरे काम वर्गाबाहेरचे आहे. आपल्या आळीतील पाच पत्र्याच्या घरांत जा आणि मोठ्यांच्या परवानगीने, छपरावर न चढता, घराच्या आतून पाहा : पत्रे खिळ्यांनी ठोकले आहेत की हुकांनी? कडेच्या पत्र्यांना मधल्यांपेक्षा जास्त हुक आहेत काय? वासे भिंतीला बांधले आहेत की नुसते टेकले आहेत? रिपा कोठे कुजल्या आहेत? पाहिलेले वहीत लिहा आणि घरमालकाला दाखवा.

इमारती बांधण्यासाठीच्या भारतीय मानकात मुंबईसाठी वाऱ्याच्या झोताचा वेग सेकंदाला ४४ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १५८ किलोमीटर धरलेला आहे. म्हणजे ‘निसर्ग’चा वारा अभियंत्यांच्या हिशेबाबाहेरचा नव्हता. बाहेर राहिली ती घरे, जी कोणत्याही हिशेबाशिवाय उभी राहिली होती. ११ नोव्हेंबर २००९ रोजी ‘फयान’, ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ आणि मे २०२१ मध्ये किनाऱ्याजवळून गुजरातकडे गेलेले ‘तौक्ते’ अशी वादळे कोकणाने पाहिली. पुढचे कधी येईल ते सांगता येत नाही. पण दर पत्र्यामागे चार हुक जास्त बसवायला किती खर्च येतो, हे मात्र आजच सांगता येते. तो आकडा विचारून घ्या आणि उडालेल्या छपराच्या किमतीशेजारी लिहून ठेवा.